आईचं मशीन आणि तुझं लाइटबिल

प्रिय गोकुळदादा,

'प्रिय' सवयीनं लिहिलंय, त्याचा जास्त अर्थ काढू नकोस. गेल्या आठवड्यात फोनवर तू लई बोललास. पुण्यात एसी लावूनही तुझं लाइटबिल छावणीतल्या आपल्या दोन खोल्यांपेक्षा कमी येतं, मग इथं वीज जाते कुठं? माझ्या शिवणकामात जाते, हे तूच ठरवलंस आणि गंगापूरच्या मामांनाही सांगून मोकळा झालास. बिल तू भरतोस म्हणून मी गप्प ऐकलं. आता तू ऐक.

आरोप करायच्या आधी जरा मोजून तरी बघायचं होतंस. हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट होतं. माझ्या शिलाई मशीनची मोटर शंभर वॅटची. दिवसभरात तीन तास शिवलं तरी अर्धं युनिटसुद्धा होत नाय. फ्रिज, पंखे, कूलर काय, तुझ्याकडंही असतील. पण आईला श्वास पुरत नाय म्हणून डॉक्टरांनी जे ऑक्सिजनचं मशीन लावलंय ते साडेतीनशे वॅटचं आहे, आणि ते रात्रंदिवस चालतं. रोजचे आठ युनिट. महिन्याला एकट्या मशीनचे अडीचशे. त्यात घरचा वापर मिळवला की आपण तीनशेच्या पुढं जातो, आणि तिथून पुढच्या प्रत्येक युनिटला आणखी चढा दर लागतो. तू मात्र म्हणालास, "ते मशीन बल्बाएवढी वीज खात असेल, उगाच आईचं नाव पुढं करू नको." तुला काय माहीत? दिवाळीत आलास तेव्हा त्याच्या घरघरीनं झोप लागत नाय म्हणून हॉटेलात जाऊन राहिलास.

हेही मी गिळलं असतं. पण तू बोलत होतास तेव्हा माझे हात कणकेत होते आणि फोन स्पीकरवर होता. आई पलंगावरून सगळं ऐकत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी औषधं आणायला गेले, तेवढ्यात तिनं मशीन बंद केलं. शेजारच्या जमिलाखाला वाटीभर शेवया द्यायला आल्या, तर आईचे ओठ निळे पडलेले. त्यांनीच बटण दाबलं, आरडाओरडा केला, रिक्षा बोलावून तिला दवाखान्यात नेलं. वाचली. काल घरी आणलंय. पण माझी पाठ फिरली की तिचा हात परत बटणाकडं जातो. "गोकुळला जड होतंय गं," म्हणते. मी ओरडले, रडले, यापुढं बिल मीच भरीन म्हणाले. ऐकत नाय. वर तुला कळवू नको म्हणून शपथ घातलीय. या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं तिला ऐकू जातं, म्हणून हे लिहून त्याचा फोटो पाठवतेय. तिला तुझाच शब्द लागतो, आणि तो तुझ्याकडं मागावा लागतोय याचाच मला जास्त राग येतोय. वाचून झालं की तिला फोन लाव आणि "आई, मशीन बंद करायचं नाय," एवढंच म्हण. त्यापुढं एक अक्षर बोलू नकोस.

नाइलाजानं तुझीच,
तनुजा