दाराजवळच्या टेबलावरचा गठ्ठा

मी, सेत्सु हानावा, दिवंगत इसाकु हानावा यांची पत्नी, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा जुन्या व दुर्मिळ पुस्तकांची खरेदी-विक्री, राहणार कान्दा जिम्बोचो, टोकियो, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना करून ठेवते. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. दडपण आणायला घरात दुसरे माणूस असावे लागते. डॉक्टरांनी माझ्या यकृताबद्दल जे सांगितले ते मला नीट समजले आहे. यापूर्वीचा मसुदा मी काल स्वतःच्या हाताने फाडला, सबब तो रद्द समजावा.

नोटरी साकुमासान यांचे म्हणणे की मृत्युपत्रात गप्पा नसाव्यात. त्यांना गप्पा मारायला घरी बायको आहे. मी इथेच मारणार.

कलम पहिले. दुकानाची जागा व वरचा राहता मजला माझ्या नवऱ्याचा पुतण्या मासाकी यास द्यावा. तो इमारत पाडून गाड्या उभ्या करायला जागा करणार आहे, हे त्याने माझ्यासमोर, माझाच चहा पिता पिता सांगितले. खरे बोलला म्हणून देते. पाडण्याआधी दुकानाची पाटी मात्र उतरवून जाळावी. ती एखाद्या कॅफेच्या भिंतीवर शोभेला टांगलेली मला चालणार नाही.

कलम दुसरे. बँकेतील रकमेतून इस्पितळ आणि अंत्यविधी भागवून उरेल ते देवळाला द्यावे. इसाकुच्या थडग्याच्या दगडावर माझे नाव त्याच्या शेजारी आधीच कोरलेले आहे आणि जिवंत माणसाचे म्हणून त्यात लाल रंग भरला आहे. तो रंग खरवडून काढायला सांगावे. दरवर्षी तिथे जाऊन स्वतःचे नाव धुण्याचा मला कंटाळा आला होता.

कलम तिसरे. सासऱ्यांचे लाखेचे वाडगे दुकानदारांच्या संघाला द्यावे. त्यांच्या काळी पुस्तकांच्या लिलावात बोलीची रक्कम वाडग्याच्या आत शाईने लिहीत आणि वाडगे पालथे घालून पुकारणाऱ्याकडे सरकवीत. ते काचेच्या कपाटात ठेवू नये, कोणीतरी त्यात भात खावा.

कलम चौथे. वरच्या मजल्यावर जिन्यापासून खिडकीपर्यंत सुतळीने बांधलेले गठ्ठे आहेत. जुनी पंचांगे, रेल्वेची वेळापत्रके, शिवणकामाची मासिके. मासाकीने मला एकदा विचारले, "काकू, हे सगळं कोण घेणार?" कोणी घेणार नाही. मी का घेतले ते सांगते.

आमच्या शुक्रवारच्या बाजारात फक्त दुकानदार येतात. प्रत्येक गठ्ठ्याला एक पाकीट लावलेले असते. ज्याला माल हवा त्याने चिठ्ठीवर किंमत लिहून पाकिटात टाकायची. पाकिटे उघडली की सर्वांत मोठा आकडा ज्याचा, त्याच्या दुकानाचे नाव पुकारतात आणि तो "हो" म्हणतो. इसाकु गेल्यावर माझे नाव घेणारे कोणी उरले नाही. गिऱ्हाईक "अहो" म्हणते, पोस्टमन "बाई" म्हणतो. एका शुक्रवारी पंचांगांचा एक गठ्ठा चुकून माझ्या गळ्यात पडला आणि भर बाजारात आवाज आला, "हानावा!" मी "हो" म्हटले. त्या दिवशी मी घरी येऊन दोन वाट्या भात जेवले. पुढच्या शुक्रवारी मुद्दाम चिठ्ठी टाकली, आणि मग दर शुक्रवारी टाकत गेले. दारातून आत शिरल्यावर पहिले टेबल लागते, त्यावरचाच एखादा गठ्ठा घेत असे. पुढच्या हॉलपर्यंत जायला गुडघे नको म्हणतात.

फुकटचे घेतले असे मात्र कोणी समजू नये. आमच्यात गोल आकड्यावर थोडे सुटे येन चढवतात, बरोबरीत कोणी आला तर त्याच्यावर मात व्हावी म्हणून. त्याला मिशी म्हणतात. मी प्रत्येक चिठ्ठीला विचार करून मिशी लावत असे.

कलम पाचवे. तळमजल्यावरच्या लाकडी कपाटात कित्ते आहेत. दीडदोनशे वर्षांपूर्वी खेड्यापाड्यांतली मुले ज्यावर अक्षर गिरवायला शिकली ती पुस्तके. प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर मुलाने आपले नाव लिहिले आहे, काहींनी शेजारी मांजर काढले आहे. आम्हाला मूल झाले नाही. इसाकु हे कित्ते गोळा करत राहिला आणि त्यातला एकही त्याने विकला नाही. कपाट मोडू नये, सगळे एकत्र राहावे, एवढीच माझी या जगाकडे मागणी होती.

म्हणून फाडलेल्या मसुद्यात ते मी शोहेइ तोबारी यांना दिले होते, फोडायचे नाहीत या अटीवर. तोबारीसान यांचे दुकान माझ्या समोर आहे. एके काळी नकाशांच्या एका पुस्तकावर त्यांनी दहा येनच्या मिशीने मला हरवले. त्यानंतर तीन वर्षे मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आले नाही, कारण ते एरवीही बोलत नाहीत. पण कित्त्याचा कागद बोटाने ओळखणारे तेच एक उरले आहेत.

अडचण साक्षीदारांची आली. दोन लागतात. एक शेजारच्या कॉफीवाल्या कोमिनेसान. दुसरे नाव मला तोबारीसान यांच्याशिवाय सुचेना, आणि ज्याला काही मिळणार तो साक्षीदार होऊ शकत नाही असा कायदा आहे. नोटरी म्हणाले, पैसे भरा, एक अनोळखी गृहस्थ देतो. काल मी हे तोबारीसानना सांगितले.

"भाड्याचा माणूस कशाला? मी करतो सही."

"मग कित्ते मिळणार नाहीत तुम्हाला."

"नकोतच मला. फोडू नका म्हणताय. माझ्यामागे माझा मुलगा एकेक करून विकेल. खोटं वचन कुठल्या तोंडानं देऊ? बाजारात घाला. मी बोली लावीन."

"घालीन. पण राखीव चिठ्ठी टाकून." म्हणजे मालकाने स्वतःच्याच मालावर टाकलेली चिठ्ठी. तिचा आकडा मोठा ठरला तर माल परत घरी येतो.

"घरी कोणाकडे?"

मी चिडून म्हटले, "तुम्हाला स्वस्तात उचलायचेत."

"दाराजवळच्या टेबलावरून बारा वर्षांत तुमच्याशिवाय कोणी काही उचललंय का?"

"म्हणजे काय?"

"दर शुक्रवारी एक गठ्ठा तिथं ठेवतो आम्ही. त्यावर कोणी चिठ्ठी टाकत नाही."

"आम्ही म्हणजे कोण?"

"सगळेच. इसाकु गेला तेव्हापासून. तुमचा 'हो' ऐकला की मग जेवायला जातो."

मला भयंकर राग आला. रिकाम्या पाकिटात मी मिशा लावत होते आणि सगळा बाजार ते जाणून होता. मी आत जाऊन चहाचे पाणी ठेवले, ते आटून गेले, तरी मला बाहेर येववेना. मी रडत होते. तोबारीसान गेले नाहीत, बसून राहिले. मी बाहेर आले तेव्हा ते म्हणाले, "पंचांगं मीच आणायचो. मला वाटलं, तुम्हाला आवडतात."

मग मी मसुदा फाडला.

कलम सहावे. कित्ते शुक्रवारच्या बाजारात एका गठ्ठ्यात, मधल्या मोठ्या टेबलावर ठेवावेत. राखीव चिठ्ठी टाकू नये. माझ्यावर दया म्हणून कोणी हात आखडता घेऊ नये, तोबारीसान यांनी तर मुळीच नाही. घेणाऱ्याला फोडावेसे वाटले तर त्याने खुशाल फोडावेत. एकेक कित्ता एकेका घरी गेला तर त्या मुलांची नावे निदान कोणीतरी वाचेल, माझ्या कपाटात ती मी एकटीच वाचत होते.

कलम सातवे. वरच्या मजल्यावरचे गठ्ठे संघाला द्यावेत. साक्षीदाराला काही देता येत नाही आणि कोणाचे नाव लिहिले तर तो लाजेल, म्हणून हे कलम बिननावी ठेवते. संघाने दर शुक्रवारी त्यातला एक गठ्ठा दाराजवळच्या टेबलावर ठेवावा. ज्याचे नाव घेणारे घरी कोणी उरले नसेल त्याला चिठ्ठी टाकू द्यावी, इतरांनी टाकू नये. पुकारणाऱ्याने नाव मोठ्याने घ्यावे. आणि ही व्यवस्था त्या माणसाला कोणीही, कधीही सांगू नये.

हे सर्व मला वाचून दाखवले, ते माझ्या मनासारखे आहे, म्हणून खाली सही व शिक्का केला असे.

सेत्सु हानावा (सही, शिक्का)

साक्षीदार:
१. योशिए कोमिने, कॉफीचे दुकान (सही, शिक्का)
२. शोहेइ तोबारी, जुनी पुस्तके (सही, शिक्का). यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

स्थळ: कान्दा, टोकियो
दिनांक: १५ नोव्हेंबर २०१८