ताडाची पाकोळी, पुलाची पाकोळी

सर, आज एका गोष्टीत तुमचा सल्ला हवा होता. आमची बोरिवलीची जुनी इमारत पाडून नवी उभी राहिली आहे, आणि सगळ्यांत जुने रहिवासी म्हणून पहिली निवड आम्हाला मिळाली. एकाच मजल्यावरची दोन घरं. मागच्या घराच्या खिडकीत ताडाची झाडं, पुढच्याच्या खिडकीत उड्डाणपूल. आजच काय ते सांगायचं होतं. "बाबा, यात विचार कसला? मागचं घ्या, शांतता आहे," मुलगा म्हणाला. मी म्हटलं, "दोन्हीकडे पाकोळ्या आहेत रे, पण वेगवेगळ्या." त्यानं कपाळाला हात लावला. "लोक पार्किंग बघतात, तुम्ही पाखरं बघा!"

पाकोळी मला तुम्ही दिलीत. आठवीत मी निबंधात लिहिलं होतं, 'तारेवर पाकोळ्या ओळीनं बसल्या होत्या.' तुम्ही तो वर्गात वाचून दाखवता आहात, मी मनातल्या मनात फुलतो आहे, आणि तुम्ही नेमके तिथेच थांबता. चिडलात की तुमचं मालवण बाहेर यायचं. "मेल्या, तारेर पाकोळी कधी बसता काय? तिचे पाय बघलंस? नुसते आकडे! ती भिंतीक लोंबकाळतली, नायतर उडत ऱ्हवतली." वर्ग खदाखदा हसला. मधल्या सुट्टीत मात्र मानेवर हात ठेवून तुम्ही मला शाळेमागच्या ताडांखाली नेलंत. "ही बघ, ताडपाकोळी. अंगानं काडी, रंगानं राखी. सरळ उडते तेव्हा शेपटी सुईसारखी मिटलेली. वळू दे तिला." ती वळली, आणि सुईची कात्री झाली. मी विचारलं, "आणि वर्गाच्या छपराखालची?" "ती घरपाकोळी. काळी, ठेंगणी, शेपटी छाटल्यासारखी आखूड, कमरेवर पांढरा पट्टा. नुसता गोंगाट!" तुम्ही नाक मुरडलंत. तुमची लाडकी ताडाची. पानाच्या पोटाला लाळेनं पिसं चिकटवून इवलंसं घरटं करते, अंडंही तसंच चिकटवते, मग वाऱ्यानं पान कितीही झोडपलं तरी ते पडत नाही, हे सांगताना तुमचा आवाज कविता शिकवतानासारखा हळू झाला होता. "ही कविता," तुम्ही म्हणालात, "आणि ती पालकसभा."

आज दोन्ही खिडक्यांत उभा राहिलो. मागे तुमचीच होती, तशीच बारीक, पंख भरभर हलवत ताडाभोवती फिरणारी. मला राहवलं नाही, तुम्ही पाठ करून घेतलेल्या चार ओळी मोठ्यानं म्हटल्या. रिकाम्या खोलीत माझाच आवाज फिरून माझ्याकडे आला. मग पुढच्या घरात गेलो. पुलाच्या पोटाला पिसांच्या घरट्यांचे पुंजके, आणि खिडकीसमोर घरपाकोळ्यांची ती सगळी टोळी किंचाळत एकमेकींच्या पाठी लागलेली. इतक्या जवळून जात होत्या, की मोतीबिंदूच्या डोळ्यांनाही पांढरा पट्टा दिसला. मुलगा शोधत आला. "बाबा, खाली गाड्या, वर ही कलकल. झोप तरी लागेल का तुम्हाला?"

सर, मी पुलाकडचं घर घेतलं. ताडाची पाकोळी अजूनही जास्त सुंदर आहे, त्यात तुमचंच बरोबर. मुलाला सांगितलं की या घरात उजेड चांगला येतो. खरं म्हणजे बायको गेल्यापासून मला शांततेची भीती वाटते. हे त्याला सांगता आलं नाही. तुम्ही समोर असता तर तुम्हालाही सांगितलं नसतं, म्हणून हे पत्र पाठवायला पत्ता नाही याचं आज जरा हायसंच वाटतंय.