ही नळी विकायची नाही

अण्णा,

तुमच्या लबाडीनं माझी नोकरी वाचवली, हे आधी सांगून टाकते. वेरूळला लेण्यांबाहेर तुमची टपरी होती आणि तिच्यावर पांढरे, गुलाबी खडे मांडलेले. एखादी गोरी बाई खडा हातात घेऊन निरखायला लागली की तुम्ही तो झटकन काढून घ्यायचात. "नो सेल, मॅडम. ये घर का पत्थर." बाई हट्टाला पेटायची, तुम्ही नाइलाजानं तयार व्हायचात, आणि ती गेली की टेबलाखालून दुसरा 'घरचा' दगड वर यायचा. मी, तुमची पोर, शेजारी मान खाली घालून बसलेली. तुम्ही मला समजवायचात, "तारीफ गिऱ्हाईकानं करायची असती, आपण नाय." त्या टपरीवर बसायला लागू नये म्हणून मी रसायनशास्त्र घेतलं.

आता मी वाळूजच्या एमआयडीसीत जिओलाइटच्या नळ्या बनवते. जिओलाइट म्हणजे तुमच्याच खड्यांची भावकी. आम्ही तो कुकरसारख्या बंद भांड्यात शिजवतो आणि चिनीमातीच्या नळीवर त्याचा पातळ थर चढवतो. उसाच्या मळीपासून निघणारा गॅस नळीतून सोडला की कर्बवायू थराच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतो, मिथेन आत राहतो, आणि त्या मिथेनवर गाड्या चालतात. सगळं छान आहे, पण घेतंय कोण? सहा महिन्यांपूर्वी एका साखर कारखान्याचे चेअरमन आले. त्यांनी नळी घेतली नाही तर आपल्या विभागाला टाळं, असं आमच्या साहेबांनी बजावून ठेवलं होतं. मी तासभर आलेख दाखवले. चेअरमननी दोनदा चहा मागवला आणि मध्ये थोडे घोरलेही. निघताना त्यांनी सहज टेबलावरची नळी उचलून उजेडाकडे धरली. माझा हात कसा पुढे गेला मला कळलं नाही, मी ती काढूनच घेतली.

"ही द्यायची नाही, साहेब. ही आमची घरची आहे."

"मग आमाला काय बगायला बोलावलं व्हय?" चेअरमन परत खुर्चीत बसले. "हीच पायजे."

आता त्यांच्या कारखान्यात नळ्या बसल्यात, गॅस नीट वेगळा होतोय आणि विभाग चालू आहे. हे कुठल्या कोर्सला शिकवतात, असं साहेबांनी विचारलं. मी वेरूळऐवजी पुण्याचं नाव सांगितलं.

हे पत्र मी पाठवणार नाही. पोचलंच तर तुम्ही वेरूळच्या सगळ्या टपऱ्यांवर ते वाचून दाखवाल. शिवाय एक गोष्ट तुम्हाला कळली तर तुम्ही डोक्यावर बसाल. नळी काढून घेताना मला लाज वाटली नाही. लई मजा आली, अण्णा. तुम्ही बघायला हवं होतंत.