झाकणाची फळी

लोमशेर बेट
१४ जानेवारी १९३२

ती. गुन्वोरताईस,
इसाकचा शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेली कॉफी पोचली. आईला नुसता वास दिला. तिच्या पोटात अन्न ठरत नाही, दिवसभर कण्हते, तरी सुटका होत नाही. रविवारी चर्चमध्ये प्रार्थना सुरू झाली की घरी ओरडू लागते, माझ्या छातीवरून माणसं चालतायत, त्यांना उतरवा.

ताई, उन्हाळ्यात चर्चची जमीन दुरुस्त करताना वेदीपुढची फळी कुजलेली निघाली. आपल्या बेटावर झाड कुठलं? चर्चच्या माळ्यावर प्रत्येकाच्या शवपेटीच्या फळ्या जिवंतपणीच खूण करून रचलेल्या असतात, त्यांतली एक न बघता उचलून ठोकली. समुद्रातल्या सील प्राण्यांची शिकार करणाऱ्यांनी हे चर्च उभारलं तेव्हापासून त्या फळ्यांना दुसऱ्या कामासाठी कोणी हात लावला नव्हता. काल जमिनीखाली सरपटत जाऊन पाहिलं, तर तिच्यावर आईची खूण. तिच्या पेटीच्या झाकणाची फळी. शेजारची मार्टा म्हणते, जिचं झाकण खिळून ठेवलंस ती जाणार कशी? पाद्रीसाहेब हसतात. मी काय करू?

रागावलीस तरी धाकट्याला टाकू नकोस.
इसाक

आबो
२ फेब्रुवारी १९३२

चि. इसाक यास अ. उ. आ.

आईनं जन्मभर वल्ही मारली, तिचं काळीज दणकट आहे, एवढाच याचा अर्थ. लाकूड कोणाचा जीव धरून ठेवत नाही. पण न विचारता घेतलेली वस्तू परत करावी, म्हणून फळी काढ. तिथं माळ्यावरची माझ्या झाकणाची ठोक. मला शहरातच पुरणार आहेत. आणि इतकी वर्षं शिकवताना आख्खी शाळा माझ्या छातीवर नाचून गेली आहे, तुमची चार माणसं जड नाहीत.

मार्टाला विचारलं म्हणून सांग. तुझ्यावर माया आहे, अकलेबद्दल नंतर बोलू.
गुन्वोर

लोमशेर
२० मार्च १९३२

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

आई गेली. शेवटचा खिळा उपटून घरी आलो, तोवर मार्टानं तिचे डोळे मिटले होते. तिच्याच फळीखाली तिला निजवलं. ईस्टर तोंडावर आला, म्हणून तुझी फळी ठोकली. हात धजत नव्हता. तू म्हणालीस म्हणून.

आता आई तूच, हे विसरू नकोस.
इसाक

आबो
९ नोव्हेंबर १९३२

चि. इसाक यास अ. उ. आ.

पोटातली गाठ मला उन्हाळा पाहू देणार नाही, असं डॉक्टर ईस्टरनंतर म्हणाले होते. तू रडत बसला असतास, म्हणून कळवलं नाही. आता बर्फ पडतंय. मी अजून जिवंत कशी, हे दाखवायला डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरांना घेऊन येतात. दुखणं वाढतच चाललं आहे, संपत मात्र नाही.

रविवारी सकाळी छातीवर पावलं पडतात, ओल्या, जड बुटांची. मार्टा डाव्या पायानं लंगडू लागली आहे ना? हे मला कोणी कळवलेलं नाही. गेल्या रविवारी सगळे गेल्यावर एकानं गुडघे टेकले आणि बराच वेळ उठला नाही. तो तू होतास.

मी अजूनही मानत नाही. तरी फळी काढ. मला बेटावर ने आणि आईशेजारी, त्या फळीखालीच निजव.

तुझ्यावर माया होती, आहे. फळी काढल्यावर मला उत्तर लिहू नकोस.
गुन्वोर