हरवलेला पाव हिस्सा

४ मार्च, सोमवार

पाव हिस्सा रंग गेला कुठे? मला सांगता येत नाही.

कारखान्याचं विषारी सांडपाणी जमिनीखालच्या ज्या टाकीत रसायनं घालून निर्धोक करतात, तिथं ते नेमकं किती वेळ थांबतं हे मोजायचं होतं. माझं पहिलं स्वतंत्र काम! आत जाणाऱ्या पाण्यात हिरवा रंग ओतला आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात दिवसभर मोजत बसले. आत गेला तेवढा रंग बाहेर यायलाच हवा. पाऊणच आला. बेरीज पुन्हा केली. पाऊणच!

५ मार्च

यंत्र तपासलं. ठणठणीत आहे. म्हणजे मीच गाढव.

९ मार्च, शनिवार

सकाळी वहिनी ओरडली, "वन्सं, या बघा! बोअरमध्ये पोपट बुडाला वाटतं!"

बादलीत माझा रंग.

आमची गल्ली कारखान्याच्या भिंतीला लागूनच. म्हणजे टाकीला तडा गेलाय, आणि तिच्यातलं पाणी जमिनीतून पाच दिवसांत आमच्या बोअरला येतं! रंग निरुपद्रवी आहे. त्याच्यासोबत येतं ते नाही. वहिनीच्या छोटीच्या अंगावरचे चट्टे — आणि आम्ही नुसते उष्णता, उष्णता म्हणत बसलो!

मी भानावर येईस्तोवर वहिनीनं बादली मोरीत ओतलीसुद्धा. गल्लीत सांगायला गेले तोवर सगळ्यांच्या बोअरचं पाणी पुन्हा काचेसारखं. "शिकलीस ती आम्हाला घाबरवायला होय गं?" समोरच्या काकू हसल्या. माझ्यादेखत तांब्याभर प्यायल्या.

११ मार्च, सोमवार

वाटलं होतं, ऐकताच साहेब ताडकन उठतील. ते चहा ढवळत राहिले. "हो, पाव हिस्सा दरवेळी कमीच येतो. भिंतीला चिकटला म्हणून लिहून टाक." मग एकदम भडकले — "पण रंग कशाला टाकलास? मीठ टाकायचं! मीठ दिसतं का कुणाला?"

माहीत होतं त्यांना. माहीत होतं! आणि याच माणसाच्या सहीचं माझं नेमणूकपत्र आईनं चौकट करून भिंतीवर लावलंय. घरातली पहिली पदवीधर!

बाबा त्याच कारखान्याच्या फाटकावर पहारा देतात. जेवताना घास हातातच राहिला त्यांचा. "पोरी, तुझी नोकरी जाईल. माझीही." मग ताट बाजूला सारत — "पण छोटीला पाजायचं कसं गं हे?"

१२ मार्च, मंगळवार

आज भर दुपारी, कपाटात होता नव्हता तो सगळा रंग टाकीत ओतला. गेल्या वेळच्या दहापट तरी असेल.

पाच दिवस लागतात. रविवारी सगळी गल्ली घरी असते.