चाळीसवरचा काटा

प्रति,
मा. विभागप्रमुख,
जुनी विद्युत उपकरणे संकलन विभाग,
दुसरा मजला (लिफ्ट बंद असल्यास जिन्याने, म्हणजे जिन्यानेच).

विषय : आपल्या विभागाने 'निकामी' ठरवून उचलून नेलेला, उत्तम चालणारा प्लाझ्मा टीव्ही मोडीत निघण्याआधी परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) 'जुने द्या, नवे घ्या' मोहिमेतील आपल्या तपासनिसांचा अहवाल.
२) माझ्या पहिल्या अर्जास आलेले आपले अडीच ओळींचे उत्तर.

महोदय,

मी शिवणकाम करते. घराच्या पुढच्या खोलीत माझे दुकान आहे. मागच्या खोलीत माझे सासरे बसतात आणि त्यांच्यासमोर, गेल्या महिन्यापर्यंत, सदर टीव्ही होता. 'प्लाझ्मा संच दीर्घकाळ वापरासाठी भरवशाचे नसतात, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे,' असे आपण कळविले आहे. तक्रार निकाली निघालेली नाही, ती माझ्याकडेच आहे. मागचा अर्ज कोणी वाचला नसावा अशी मला शंका, खरे तर खात्री आहे. म्हणून सगळे पुन्हा लिहिते, आणि आपल्याला सवय आहे म्हणून क्रमांक घालून लिहिते.

१. प्रथम भरवशाबाबत. टीव्ही घरी आला तेव्हा माझी मुलगी पहिलीत होती. आज ती परगावी कॉलेजात शिकते. मधल्या काळात आमचे दोन फ्रिज गेले, मिक्सर किती गेले ते मोजणे मी सोडून दिले. एवढी वर्षे न कुरकुरता टिकलेले आमच्या घरात दुसरे काही नाही, माझे यजमान धरून. टीव्ही जरा गुणगुणतो, पाठीमागून तापतो, हे मान्य. वीज खातो, हेही मान्य. पण खातो आणि काम करतो. खाऊन काम न करण्याचा प्रकार मी प्रथम आपल्या कार्यालयात पाहिला.

२. माझे सासरे निवृत्त बसचालक आहेत. उभ्या नोकरीत त्यांच्या हातून एकही अपघात झाला नाही. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. तो त्यांनी 'मी काय बाळ आहे?' म्हणून खिडकीबाहेर फेकला. मग मुलीने जाताना मागे ठेवलेला, टीव्हीवर खेळायचा मोटारींच्या शर्यतीचा गेम, त्याच्या स्टिअरिंगसकट, मी त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी दोन्ही हात चाकावर ठेवले, उजव्याने डावा उचलून ठेवला, आणि विचारले, 'आरसे कुठायत?'

त्या दिवसापासून टीव्ही जाईपर्यंत ते रोज ड्युटीवर जात. सकाळी एक फेरी, दुपारी एक. सगळ्या गाड्या भुर्रकन निघून जातात आणि सासरे आपल्या बाजूने शिस्तीत चालवतात, वळणावर हॉर्न देतात, मागच्याला हात दाखवून वाट देतात. पडद्यावर दरवेळी 'शेवटचा क्रमांक' असे येते. सासरे म्हणतात, 'सगळी माणसं धड पोचली.' गाडीत माणसे नसतात, पण हे त्यांना सांगण्याची माझी छाती नाही, आपली असल्यास घरी येऊन सांगावे.

३. आता अहवालातील 'पडद्यावर कायमस्वरूपी डाग' या दोषाबाबत. प्लाझ्माच्या पडद्यावर एकच चित्र वर्षानुवर्षे एकाच जागी राहिले तर त्याची सावली तिथे मुरते. गेममध्ये उजव्या कोपऱ्यात खाली वेग दाखवणारी तबकडी असते, तीच मुरली आहे. बातम्या लागल्या की ती बातम्या सांगणाऱ्या बाईच्या कोपरापाशी दिसते. तबकडी मुरणे स्वाभाविक आहे. पण काटा सहसा मुरत नाही, कारण तो हलतो. आमचा मुरला आहे, कारण तो हलत नाही. सासऱ्यांनी तीन वर्षांत ताशी चाळीसची मर्यादा ओलांडलेली नाही. आपण ज्याला डाग म्हणता त्याला आमच्या घरात सेवापुस्तक म्हणतात.

४. आपले तपासनीस आले तेव्हा टीव्ही तपासण्यासाठी त्यांनी बातम्या लावल्या नाहीत. त्यांनी स्टिअरिंग मागून घेतले. नंतर दोन तास ते उठले नाहीत. गाडी दोनशेवर नेऊन त्यांनी ती दरीत, दुकानात, पुलाच्या कठड्यावर आणि एकदा उलट्या दिशेने घातली. सासऱ्यांनी बराच वेळ सोसले आणि अखेर विचारले, 'तुम्हाला लायसन्स कुणी दिलं हो?' त्यानंतर चहा अर्धा टाकून तपासनीस उठले आणि त्यांनी कागदावर 'निकामी' असे लिहिले. संच निकामी, की चालवणारा, याचा उलगडा अहवालात नाही. निकामी संचावर दोन तास खेळता कसे येते, हे तपासनिसांकडून लेखी घ्यावे ही विनंती.

५. नेण्यास संमती माझ्या यजमानांनी दिली. माझे यजमान शिक्का दिसला की सही करतात. त्यांना ते 'सक्तीचे आहे' असे सांगण्यात आले. आपली माणसे संच न्यायला आली तेव्हा मी गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेले होते. परत आले तेव्हा भिंतीवर चौकोन होता.

६. बदल्यात मिळालेल्या नव्या टीव्हीविषयी. तो पातळ आहे, देखणा आहे आणि सदासर्वकाळ काहीतरी विचारतो. घाटात ऐन वळणावर त्याने 'नवीन सुधारणा उपलब्ध' अशी पाटी आडवी टाकली. हात वळवल्यावर गाडी वळायला क्षणभर उशीर होतो. तेवढ्यात सासऱ्यांची गाडी झाडावर गेली. त्यांच्या आयुष्यातला तो पहिला अपघात. त्यांनी स्टिअरिंग सोडले व म्हणाले, 'हिचं स्टिअरिंग ढिलं आहे. असली गाडी मी रस्त्यावर काढणार नाही.' तेव्हापासून काढलेली नाही. आपल्या प्रतीक्षागृहात याच जातीचा टीव्ही लावलेला असून त्यावर 'बंद आहे' असा कागद चिकटवलेला मी पाहिला. कागद मात्र भरवशाचा दिसला, बराच जुना होता.

७. यात एवढे काय, असे आपल्याला वाटेल. म्हणून माझ्या धंद्यातली गोष्ट सांगते. झटक्यानंतर मी सासऱ्यांच्या सगळ्या सदऱ्यांची बटणे काढून चिकटपट्ट्या लावल्या होत्या. गेल्या वर्षी एका सकाळी ते दुकानात आले, सदरा माझ्या मशीनवर टाकला आणि म्हणाले, 'सूनबाई, बटणं लाव परत. जमतंय.' मी सगळ्या सदऱ्यांना बटणे लावली. गिऱ्हाइकाचे काम बाजूला ठेवून लावली आणि लावताना रडले, हे लिहायला मला लाज नाही. मागच्या आठवड्यात बोटे पुन्हा आखडली. दोन सदऱ्यांची बटणे मी उसवली आहेत. बाकीच्यांना अजून हात लावलेला नाही. आपला निर्णय येईपर्यंत लावणार नाही, तरी लवकर यावा.

८. मी चौकशीला गेले तेव्हा आपल्या गोदामातील कारकून म्हणाले, 'बाई, इथे सगळे काळेच टीव्ही आहेत, तुमचा कोणता ते देवाला ठाऊक.' देवाला त्रास देण्याची गरज नाही. संच एकेक करून सुरू करावेत व पडदा पूर्ण पांढरा करावा. उजव्या कोपऱ्यात खाली पाहावे. तबकडी दिसली आणि काटा दोनशेवर असेल तर तो कोणा दुसऱ्याचा. काटा चाळीसवर असेल तर तो आमचा. तपासनिसांनी लिहिलेला दोष हीच त्याची ओळख आहे, एवढे एक काम त्यांच्या हातून नीट झाले.

तरी नवा टीव्ही आपण सन्मानाने परत न्यावा, आणि जुना मोडीत काढण्याआधी वरीलप्रमाणे शोधून द्यावा. न्यायला मी स्वतः हातगाडी घेऊन येईन. सासरे रोज सकाळी आंघोळ करून खुर्चीत बसतात व विचारतात, 'गाडी वर्कशॉपमधून आली का?' मी 'उद्या येते' म्हणते. जन्मभर वेळापत्रकाने चाललेल्या माणसाला हे उत्तर किती दिवस पुरेल, हे मला ठाऊक नाही.

अजूनपर्यंत नम्र असलेली,
(सही)
बसचालकांची सून

दिनांक : आपल्या उत्तरावर नव्हता, म्हणून मीही घातलेला नाही.

सोबत :
१) आपले अडीच ओळींचे उत्तर, परत.
२) सासऱ्यांच्या विनाअपघात सेवेच्या प्रशस्तिपत्राची प्रत.
३) स्टिअरिंग पुरावा म्हणून जोडणार होते. जोडता आले नाही. ते सासऱ्यांच्या मांडीवर आहे आणि ते सोडत नाहीत.