सदतिसावं पान

१४ जून

प्रिय दादा,

नमस्कार. तू आणि वहिनी बरे असाल. इकडे आमचं ठीक चाललंय. ग्रंथालयाचं छत पुन्हा गळतंय आणि जिथे गळत नाही नेमक्या तिथेच शिपायाने बादल्या मांडल्यात.

वहिनी फोनवर जेवढ्यास तेवढं बोलते. बरोबर आहे तिचं. तुझ्या झेरॉक्सच्या दुकानाला सील लागून महिना झाला आणि मी एकदाही तिकडे फिरकले नाही. कामाचा रगाडा आहे म्हणाले. कसला डोंबलाचा रगाडा.

दीडशे मुली नर्सिंग शिकतात आणि बाळंतपणावरच्या त्या परदेशी पुस्तकाची आमच्याकडे एकच प्रत. विकत घ्यायचं तर एकेकीच्या बापाला घर गहाण टाकावं लागेल. म्हणून दर वर्षी मीच ते पिशवीत घालून तुझ्याकडे आणायचे. सदतिसाव्या पानावर ग्रंथालयाचा शिक्का असतो, तो झाकायला तू कोऱ्या कागदाची पट्टी ठेवायचास. यंदा मुली खोळंबल्यात म्हणून मी तुझ्या डोक्यावर बसले. घाईत पट्टी राहिली. प्रकाशकाच्या माणसांनी गठ्ठे उचलले तेव्हा एकूण एक प्रतीत आमचा शिक्का.

तुला घेऊनच ते ग्रंथालयात आले. पुस्तक याच्या हाती कसं लागलं, असं प्राचार्यांसमोर मला विचारलं. मी म्हणाले, "चोरीला गेलं असेल."

तू माझ्याकडे पाहिलंस. आता हा सांगणार, अशी मला भीती वाटली. तू म्हणालास, "बाई म्हणतात तसंच असेल." लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं, त्यामुळे आपलं नातं तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. तूही ते कळू दिलं नाहीस. मला सुटल्यासारखं वाटलं, दादा. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. शाळेत मला पुस्तक मिळालं नव्हतं तेव्हा शेजारणीचं आणून तू ते सबंध सुट्टीत हाताने उतरवून दिलं होतंस. त्यावरच मी शिकले.

काल तुझ्या वकिलांना भेटले. ते म्हणाले, शिकणाऱ्यांसाठी प्रती काढल्या म्हणून कायद्यात थोडी वाट निघू शकते, पण पुस्तकच चोरीचं म्हटल्यावर पुढचं ऐकून कोण घेणार? म्हणजे ती वाट मीच बंद करून ठेवली.

आज प्राचार्यांना लेखी दिलं, की पुस्तक दर वर्षी मीच नेत होते, चोरी झालीच नाही. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि ग्रंथालयाच्या चाव्या मागून घेतल्या. त्या कागदाची प्रत सोबत आहे. सोमवारी मी कोर्टात साक्षीला येतेय.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. हे तुमचे कोण, असं तिथे मला विचारतील. मी उत्तर देईन तेव्हा तेवढी मान खाली घालू नकोस.

तुझी सख्खी बहीण